छत्तीस

सकाळी साडेसात. बातुमीच्या चढावरचं काचघर.
न्वार्द थेंब सोडते
मँडरिनच्या कोवळ्या कोंबांवर.
कोंबाला एक. कापसाचा बोळा, हातात मोजे.
खाली बंदरात कुठलंसं जहाज
आठवडाभर निघतं निघतं म्हणत उभं.

थेंबात आहे ह्याच डोंगरांवर शरदात उगवणाऱ्या
जांभळ्या, बिनपानाच्या फुलाचं विष.
शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत.
लावतात त्या सांगायला परत येत नाहीत.

पेशी दुभंगण्याआधी तिच्यात धागे कातले जातात,
नळीसारखे पोकळ,
टोकाला मणी जोडत वाढणारे,
मध्येच, काही कारण न सांगता, उसवून जाणारे
आणि पुन्हा निघणारे,
अंधारात कडी शोधणाऱ्या हातासारखे.
सापडली की गुणसूत्राला धरायचं,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे,
मग मध्ये भिंत.

थेंब पडला की मण्याला मणी लागत नाही.
चाती फिरतच नाही.
अठरा आणि अठरा, निरोप घ्यायला उभी राहिलेली,
एकाच खोलीत राहून जातात.

छत्तीस.
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून,
पण घर एकच.

झाडाला त्याचं काही वाटत नाही.
पान जाड होतं, चाल मंदावते.
पुढे साध्या झाडाशी संकर केला
तर फळात बी धरत नाही,
आणि त्यासाठीच तर हा पगार.
एका कोंबावर मात्र थेंब जास्त पडला.
भिंतीलगत आडवे निजलेले धागेही विरघळले,
पिंपाच्या कड्या निसटाव्यात तसे,
आणि कोंब उंच व्हायचा सोडून गाठीसारखा फुगला.
तो तिने टाकला नाही. खिडकीत ठेवलाय.

धागे न्वार्दने कधी पाहिले नाहीत.
तिच्या जुन्या सूक्ष्मदर्शकात दिसतात
लाल रंगवलेली गुणसूत्रं, ओढली जाताना,
कोपर आधी, हात मागून.
ओढणारं दिसत नाही.
बावीस वर्षं ती त्याच्याच भरवशावर नोकरी करतेय.

भाऊ ह्राच बंदरात क्रेन चालवतो.
लहानपणापासून महिन्या-दीड महिन्याने ताप,
तीन दिवस, पोटाची फळी.
दोनदा फाडलं त्याला:
एकदा ॲपेंडिक्स म्हणून,
एकदा ॲपेंडिक्स राहिलं असेल म्हणून.
शेवटी येरेवानच्या डॉक्टरीणबाईंनी
रोज रात्री एक गोळी लिहून दिली.
वेष्टनावरचं नाव वाचून न्वार्द खाली बसली.
तेच फूल.

"म्हणजे तुझी रोपं आणि मी एका पंगतीला," ह्राच म्हणाला.
"माझे कान जाड होतील का?"

ती म्हणाली, तुझ्या रक्तातले शिपाई
न लागलेल्या आगीकडे धावतात.
धावायला त्यांनाही तेच धागे लागतात.
"आणि बाकीच्यांना?"

बाकीच्यांनाही.
कण्यापासून अंगठ्यापर्यंत दोन हात लांब एकेक मज्जापेशी,
आत तेच रूळ, रुळांवर हमाल,
एक पाय टेकला की दुसरा उचलत
पोतं घेऊन निघालेले,
तुझ्या अंगठ्याला पोचायला त्यांना दिवस लागतात.
म्हणून एकच गोळी. म्हणून डबी माझ्या खिशात.
झाडाला भिंत असते, ह्राच.

तो काही बोलला नाही.
टेबलावर प्रयोगाच्या झाडाचं फळ होतं, ते सोललं.
फोडी खाताना जीभ सवयीने बी शोधत राहिली.
पाचव्या फोडीला थांबला,
तळहातावर काहीतरी थुंकलं,
आणि हात तिच्यापुढे धरला.

बी.

न्वार्दने चष्मा लावला. कागदाचा कपटा फाडला,
बी त्यात गुंडाळली,
वर पेन्सिलीने आकडा लिहिला.
मग त्याला पाणी आणून दिलं,
आणि खिशातून डबी काढली.